नानांच्या शेवरलेला कोणता कार्ब्युरेटर?

पहाडगंजमध्ये साडेसोळा फुटी गाडी ठेवायची म्हणजे काय दिव्य असतं, ते तिथं एकदा जाऊन आल्याशिवाय कळायचं नाही. नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडून मेन बाजारात शिरलात की सायकलरिक्षा, हातगाड्या, पाठीवर बोचकी घेतलेले परदेशी पाहुणे आणि एकावर एक चढलेल्या हॉटेलांच्या पाट्या! पण तसंच पुढं आरामबागेच्या बाजूला गेलात की कानावर मराठी पडू लागतं. नूतन मराठी शाळा याच भागात, बृहन्महाराष्ट्र भवनही पहाडगंजातलंच. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेली कितीतरी मराठी घरं आधी इथं विसावली, मग शहरभर पांगली.

माझी आत्या मात्र इथंच राहिली. आता तिचा मुलगा, म्हणजे आमचे नाना, पंचाहत्तरीला आलेत. त्यांच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे १९४८ सालची शेवरले फ्लीटमास्टर. आतोबांनी ती १९६१ मध्ये जुनी म्हणून घेतली होती. सहा सिलिंडर, स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा आणि बैठक अशी की आम्ही पाच पोरं मागच्या सीटवर बसूनही भांडायला जागा उरायची.

गेल्या हिवाळ्यात नानांचा फोन आला. ‘‘अरे, तू त्या सदरात मिक्सर आणि पंप दुरुस्तीचं लिहितोस ना? मग इकडे ये आणि आमच्या घरातली लढाई मिटव!’’

लढाई अशी होती. गाडी सुरू व्हायची, पण एका जागी उभी असताना इंजिन अडखळायचं, थरथरायचं. ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर आणि अंगणभर पेट्रोलचा वास. मिस्त्रींनी दोन मिनिटांत निदान सांगितलं, ‘‘कार्ब्युरेटर गेला. ॲम्बॅसेडरचा लावून देतो, पट्टी ठोकून बसेल.’’ नानांच्या पुतण्याला हे पसंत नव्हतं. त्यानं रात्र रात्र वाचून इटालियन वेबर कार्ब्युरेटर नक्की केला होता. त्याचा एक मित्र तर आणखी पुढचा. तो म्हणे अमेरिकेतून चार घशांचा होली मागवा, गाडी विमानासारखी पळेल! आणि नानांचं म्हणणं एवढंच की बाबांच्या गाडीतून काढलेली वस्तू भंगारात जाणार नाही.

आता आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी फ्लीटमास्टर नसते, हे मला ठाऊक आहे. पण एखाद्या घरी आजोबांची डॉज असेल, प्लिमथ असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात याच गाड्या जुळवल्या. त्याही सहा सिलिंडरच्या. शेवरले त्याच्याही आधीच्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत शिवडीच्या कारखान्यातून त्या देशभर गेल्या. तेव्हा हा प्रश्न दिल्लीइतकाच मुंबई-पुण्याचा आणि कोल्हापूरचाही आहे.

कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात उभं राहून चटकन कळतं. गॅसच्या शेगडीला खाली हवेची भोकं असतात. तिथं कचरा अडकला, हवा कमी झाली की ज्योत पिवळी होते आणि भांड्याची बुडं काळी पडतात. हवा जास्त झाली की ज्योत फडफडते, उडते, विझतेही. इंजिनचंही तसंच. एक भाग पेट्रोल जाळायला वजनानं साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण राखायचं काम कार्ब्युरेटरचं. त्याच्या घशात एके ठिकाणी नळी अरुंद केलेली असते. हवा तिथून जोरात वाहते, दाब कमी होतो आणि बाजूच्या वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून ओढलं जाऊन फवाऱ्यासारखं उडतं. वाटीतली पातळी सांभाळायला पितळी फ्लोट असतो. आपल्या पाण्याच्या टाकीतल्या तरंगत्या चेंडूसारखाच. पातळी वर आली की फ्लोट उचलला जातो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. बाकीचं सारं, म्हणजे चोक आणि ॲक्सिलरेटरचा छोटा पंप वगैरे, या दोन गोष्टींच्या मदतीला आहे.

मी गेलो त्या सकाळी आधी मिस्त्रींचा चहा झाला, मग भांडण. मी एकच विचारलं, ‘‘दोष कार्ब्युरेटरचाच आहे हे कशावरून?’’

हा प्रश्न पैसे खर्च करायच्या आधी प्रत्येकानं विचारावा. जुनी गाडी अडखळली की पहिला आळ कार्ब्युरेटरवर येतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. प्रत्यक्षात डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजलेले असतात, कंडेन्सर मेलेला असतो, नाहीतर हवा भलत्याच वाटेनं आत शिरत असते. या शेवरलेत तर अशी एक जादा वाट आहे. १९४८ च्या मॉडेलमध्ये गिअर बदलताना हाताला जोर पडू नये म्हणून इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत घेतलेली असते. त्या डब्यातला पडदा फाटला की इंजिन तिथूनच हवा ओढतं. मग जगातला सगळ्यात महागडा कार्ब्युरेटर लावा, इंजिन थरथरणारच.

आम्ही तो डबा तपासला. ठीक होता. पॉइंट मात्र खडबडीत झालेले. ते बदलले, अंतर लावलं आणि थरथर बरीचशी कमी झाली. मिस्त्रींनी मान डोलावली. माणूस कामाचा होता. फक्त घाईत होता.

मग सहाही प्लग काढून ओळीनं वर्तमानपत्रावर ठेवले. प्लगचं तोंड खमंग भाजलेल्या रव्याच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर. काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी. आमचे सहाच्या सहा कोळशासारखे! म्हणजे आता मात्र संशय कार्ब्युरेटरवरच.

या इंजिनला मूळचा कार्ब्युरेटर कार्टर कंपनीचा डब्ल्यू-वन. एका घशाचा. तो उतरवून वरचं झाकण काढलं आणि नानांनी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत खळखळ. पोकळ फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं होतं! खात्रीसाठी वहिनींकडून गरम पाण्याचं पातेलं मागवलं, अंगणात, शेगडीपासून लांब. फ्लोट पाण्यात बुडवताच सांध्यातून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्या भोकापायी फ्लोट जड झालेला, सुई वाट बंद करत नव्हती, वाटी भरून वाहत होती आणि त्यावरून घरात महिनाभर अबोला. (ते पातेलं वहिनींनी परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, हे सांगायला हवं.)

शेजारचा रेडिएटरवाला लगेच डाग द्यायला तयार. मी हात जोडले. आत पेट्रोलची वाफ कोंडलेल्या फ्लोटला आच लावणं म्हणजे फटाका पेटवणं. नवा फ्लोट मिळतो. तोच घ्यावा.

दुसरा दोष थोडा लपलेला होता. घशातली हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते, तो दांडा सत्तर वर्षांत झिजून भोकात सैल झालेला. बोटानं हलवला की चक्क टकटक वाजायचा. त्या फटीतून हवा आत जायची. थरथर उरली होती ती याची. नव्या पॅकिंगनं हे जात नाही. लेथवाल्याकडून भोक मोठं करून पितळी बुश बसवावा लागतो.

‘‘म्हणजे नवा घ्यायचाच नाही?’’ पुतण्याचा चेहरा पडला. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. समजा कार्ब्युरेटरचं अंग तडकलं असतं, तर काय केलं असतं? तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन आम्ही तिघांच्या पर्यायांचा हिशेब मांडला. तो तुम्हीही घरी मांडू शकता.

इंजिन साडेतीन लिटरचं. चार स्ट्रोकचं असल्यानं दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण श्वास घेतं. त्याची पूर्ण ताकद, ९० हॉर्सपॉवर, मिनिटाला ३,३०० फेऱ्यांवर मिळते. म्हणजे मिनिटाला १,६५० श्वास, दर श्वासाला साडेतीन लिटर. हे होतात सुमारे ५,८०० लिटर. पण जुनं इंजिन पोट भरून श्वास घेत नाही, साधारण पाऊणच घेतं. म्हणजे गरज मिनिटाला ४,४०० लिटरच्या आसपास.

आता ॲम्बॅसेडर. तिचं जुनं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, चार सिलिंडरचं. त्याच हिशेबानं तिची गरज मिनिटाला २,४०० लिटरच्या आत. तिचा कार्ब्युरेटर शेवरलेला लावणं म्हणजे पैलवानाला सरबताच्या नळीतून श्वास घ्यायला लावणं! गाडी सुरू होईल, गल्लीत चालेल, मिस्त्री पैसे घेऊन जातील. पण उड्डाणपुलाच्या चढावर तिला धाप लागेल. जीपचा कार्ब्युरेटर त्यापेक्षा बरा, कारण ते इंजिन २.२ लिटरचं. तरी तोही लहानच. अडचणीत आठवडाभर चालवायला ठीक, कायमचा नको.

मित्राचा चार घशांचा होली उलट्या टोकाला. त्यांतला सगळ्यात लहानसुद्धा मिनिटाला ११,००० लिटर हवेच्या मापाचा. गरजेच्या अडीचपट. मोठा घेतला तर बिघडलं कुठं, असं वाटेल. बिघडतं ते असं. घसा रुंद झाला की हवेचा वेग मंदावतो, दाब पुरेसा उतरत नाही आणि पेट्रोलचा फवारा न होता थेंब पडू लागतात. या इंजिनमध्ये एका कार्ब्युरेटरनं लांब ओळीतल्या सहा सिलिंडरना वाढायचं, तेही तीनच वाटांनी, दोन-दोन सिलिंडरना मिळून एक. थेंब जवळच्या मधल्या सिलिंडरांत जातात आणि टोकाचे दोघे उपाशी राहतात. पंगतीत वाढपी दारातच अर्धं पातेलं रिकामं करतो, तसं.

वेबरचा दोन घशांचा ३२/३६ हा या तिघांत समंजस. त्याचा लहान घसा आधी उघडतो, मोठा गरजेपुरता नंतर. त्यामुळे तो अनेक मध्यम इंजिनांना जुळवून घेतो. पण पुतण्यानं जो प्रकार निवडला होता त्याचा चोक विजेवर चालणारा, १२ व्होल्टचा. आणि आतोबांची शेवरले ६ व्होल्टची! तो चोक नीट उघडलाच नसता आणि काळा धूर पुन्हा तसाच. हातानं ओढायच्या चोकचा प्रकार मिळतो, तो घ्यावा लागला असता. शिवाय खाली बसवायची जाड पट्टी, नवा हवेचा फिल्टर, बॉनेट बंद होईल का ते मोजणं, ॲक्सिलरेटरच्या दांड्याची नवी जोडणी. आणि डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी नव्या कार्ब्युरेटरला योग्य जागी जोडता येते का, हेही बघायचं. ही नळी लोक हमखास विसरतात. मग स्पार्कची वेळ पुढं सरकत नाही आणि गाडी पेट्रोल खाते म्हणून पुन्हा कार्ब्युरेटरलाच शिव्या.

माझं मत विचाराल तर अशा इंजिनला एका घशाचाच कार्ब्युरेटर. पहिली पसंती मूळच्या डब्ल्यू-वनला, दुरुस्त करून. तो दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर कार्टरचाच पुढचा वायएफ. १९५० पासून शेवरलेनं स्वतः रोचेस्टरचा बी मॉडेल लावला, तोही चालतो. पण त्याचं झाकण उष्णतेनं वाकतं आणि पॅकिंग गळतं. जुना घ्यायचा तर झाकण सपाट काचेवर ठेवून पाहा, डुगडुगलं तर परत करा. बाजारात नव्या नकलाही आहेत. काही ठीक असतात, काहींचे जेट मापात नसतात, आणि बाहेरून ते कळत नाही.

दिल्लीत सुट्या भागांसाठी सगळे काश्मिरी गेटला जातात. नवी दिल्लीहून मेट्रोनं तिसरंच स्टेशन. मारुतीपासून ॲम्बॅसेडरपर्यंत काय हवं ते तिथं मिळेल. आम्हीही गेलो. दुपारभर फिरून दोन दुकानदारांशी मैत्री झाली, एका ठिकाणी फक्कड चहा मिळाला, पण ४८ सालच्या कार्टरचं किट काही मिळालं नाही. ते अमेरिकेहून मागवावं लागलं, तीन आठवड्यांनी आलं. मागवताना कार्ब्युरेटरवरचा नंबर कळवायचा. झाकणाच्या स्क्रूखाली पत्र्याचा छोटा बिल्ला असतो, नाहीतर अंगावरच ठसा असतो. नुसतं ‘१९४८ शेवरले’ सांगू नका. सत्तर वर्षांत त्या गाडीला कुणी काय लावलंय, देव जाणे.

किट मागवताना आणखी एक पाहायचं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर आणि बुचाची पॅकिंग त्यात फुगतात, भुगा होतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज आणि वाटीत पांढरा साका. तेव्हा इथेनॉल सोसणारं सामानच मागा. आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवा.

याचाच पुढचा भाग आम्हाला नडला. नवा फ्लोट, नवी सुई, बुश बसवलेला दांडा, सगळं पुस्तकाबरहुकूम. इंजिन लोण्यासारखं फिरू लागलं. नानांनी हळूच ॲक्सिलरेटर दाबला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून ‘फट्!’ पुन्हा दाबला, पुन्हा फट्. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. कारण असं की इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. अशा पेट्रोलला हवा कमी लागते, पावणेपंधराऐवजी साडेतेराच्या आसपास. १९४८ चा जेट १९४८ च्या पेट्रोलचं माप देतो, म्हणून मिश्रण कोरडं पडतं. उपाय म्हणजे एक नंबर मोठा जेट. मिस्त्री तार घेऊन जेट मोठा करायला निघाले होते! प्रायमस स्टोव्हला पिन मारणाऱ्या पिढीची ती सवय. पण जेटचं भोक तारेनं एकदा ओरखडलं की त्याचं माप कायमचं गेलं. मोठा जेट विकतच घ्यायचा, साफ करायचा तर फुंकून किंवा हवेच्या दाबानं.

राहिला कागदांचा प्रश्न, आणि नानांच्या दृष्टीनं तोच खरा. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. ताडपत्री तेव्हापासूनची. पुढं २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि तपासायला समिती येणार.

‘‘बॉनेट उघडल्यावर समितीला काय दिसायला हवं?’’ नानांनी पुतण्याला विचारलं.

कार्ब्युरेटर बदलला म्हणून अर्ज फेटाळलाच जाईल, असं मी म्हणणार नाही. पण ठोकून बसवलेल्या पट्टीवरचा ॲम्बॅसेडरचा कार्ब्युरेटर पाहून कोणता तपासणारा खूश होईल? शिवाय नानांच्या मनात दिल्लीची स्टेट्समन रॅली आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या त्या रॅलीत गाडीच्या मूळपणाला किंमत असते. आतोबा बोट धरून त्यांना ती पाहायला नेत.

मोठा जेट आला त्या रविवारी मी पुन्हा पहाडगंजला होतो. पुतण्यानं स्वतःच्या हातानं बसवला. वहिनींनी कार्ब्युरेटरला हळदकुंकू लावायचं म्हटलं, ते मी कसंबसं बॉनेटवर निभावलं. नानांनी चोकचा खटका ओढला, स्टार्टर दाबला. दुसऱ्या फेरीला इंजिन धरलं. धूर नाही, फट् नाही. वरच्या हॉटेलच्या गॅलरीतून दोन परदेशी पोरं टाळ्या वाजवत होती. नानांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अर्धा तास चालवून प्लग पुन्हा काढले. पाच भाजलेल्या रव्यासारखे. सहावा अजून जरा काळा आणि तेलकट. तो काही कार्ब्युरेटरचा दोष नव्हे, त्या सिलिंडरमध्ये तेल जळत असावं. मिस्त्री म्हणाले, ‘‘रिंगा बघाव्या लागतील.’’ नाना म्हणाले, ‘‘आधी कॉम्प्रेशन मोजा, मग बोला.’’